चालशे

'डी'मध्ये टाकलं की आधी काहीच होत नाही.
एक, दोन, अडीच...
मग खालून कुणी लाथ घालावी तसा धक्का,
आणि मागे हौद्यात कुंडीवर कुंडी आपटते.
शैलजाबेन फडतरे म्हणाल्या,
"बहिऱ्याला हाक मारल्यासारखं आहे रे,
ऐकतो उशिरा, आणि ऐकलं की अंगावर येतो."
याहून नेमकं निदान मी कुठल्या मॅन्युअलमध्ये वाचलेलं नाही.

डाव्या हाताला स्टीअरिंग असलेला हा पिकअप
एका ड्रिलिंग कंपनीने आखातातून आणला,
विहिरी खणून झाल्यावर लिलावात फुंकला.
तेव्हापासून पादऱ्याहून बडोद्याला रोपं वाहतोय,
मोगरा, कागदी लिंबू, कलमी चिकू.
अलकापुरीतल्या एकाने बॉनेटही न उघडता सांगितलं,
गिअरबॉक्स गेला. दोन लाख.

"गेला" हा शब्द मी माणसांबद्दलही इतक्या लवकर वापरत नाही.

मकरपुरा ते तरसाली, आणि परत, तेल तापेपर्यंत.
दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना
इंजिन एकटंच पळत सुटलं, गाडी मागेच,
वरातीपुढे नाचत चौक ओलांडून गेलेल्या मामासारखं.
इंजिन चालू ठेवूनच दांडी काढली,
पुसली, घातली, पुन्हा काढली.
पातळी बरोबर.
रंग हवा डाळिंबाचा; होता तो
टपरीवरच्या शेवटच्या चहाचा.
बोटांवर घेऊन हुंगलं, तर करपलेले शेंगदाणे.

पॅन उतरवला. चुंबकावर करडी लव,
मांजराच्या कानामागे असते तशी मऊ.
म्हणजे पोलाद शाबूत आहे, घासलंय ते अस्तर.
खपल्या निघाल्या असत्या
तर मी अलकापुरीवाल्याची माफी मागितली असती.

प्रेशरचं घड्याळ लावलं.
पोराने ॲक्सिलरेटर दाबला, काटा जागचा हलेना,
सरकारी खिडकीमागच्या साहेबासारखा.
मग प्रश्न उरतो:
चढ आलाय, ओझं आहे, जोर लाव,
हे गिअरबॉक्सला सांगतं कोण?
एक केबल. करंगळीहूनही बारीक.
टॉर्च दातात धरून
तिच्या मागे मागे हात घालत वर गेलो

आणि जिथे क्लिप असायला हवी तिथे
तांब्याची तार.
सात पीळ.
टोक आत वळवलेलं, कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून.

असं टोक अख्ख्या मकरपुऱ्यात एकच माणूस वळवतो.

एकोणीस वर्षांचा होतो. हबीबउस्ताद नमाजला गेलेले,
ड्रायव्हर घाईत, क्लिप मुंबईहून यायची होती.
जळक्या पंख्यातली तार उपसून मी पीळ घातला,
आणि बडोद्यातलं प्रत्येक काम ज्या शब्दावर संपतं
तो शब्द म्हणालो. चालशे.
उद्या या, बदलून देतो.

उद्या कुणी आलं नाही. मीही बोलावलं नाही.
चौदा वर्षं तार केसाकेसाने ताणत गेली,
केसाकेसाने दाब उतरत गेला,
आणि आत, अंधारात, दर चढावर
अस्तर थोडं थोडं जळत राहिलं.

हात गरजेपेक्षा जास्त वेळ पुसले, मग सांगितलं.
शैलजाबेननी तार तळहातावर घेतली,
सोनं तोलतात तशी जराशी वरखाली केली.
"कितीची होती रे ही तेव्हा?"
फुकटची. पंख्यातली.
"चौदा वर्षं, फुकट," त्या पुटपुटल्या,
आणि मला कळेना, ही शाबासकी की शिवी.
"अस्तरं बदल. मजुरी अर्धी घेशील."
अर्धी.
"आणि ती क्लिप?"
क्लिप उद्या येईल, मी म्हणालो.

त्यांनी हौद्यातून एक रिकामी कुंडी उतरवली,
उपडी घातली, पदर खोचला.
"मग मी उद्यापर्यंत इथेच बसते."